हुंगलेली फुलं

गेल्या शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला मला वास आला. घडलं ते एवढंच. भांडीबाजारातून कुकरची रिंग घेतली, पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढत होते, आणि एकदम कोणी तोंडावर ओला फडका मारावा तसा आंबूस, कुजका वास नाकात शिरला. दसरा होऊन आठवडा झाला होता आणि गंगेवरचा निर्माल्याचा कलश तोंडापर्यंत भरला होता. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, गोदावरी ती भूगोलाच्या पेपरात.) काळे पडलेले झेंडूचे हार, आपट्याची पानं, नारळाच्या शेंड्या, कोणीतरी ओतलेला दुधाचा नैवेद्य आणि त्या सगळ्याला सुटलेलं पाणी. शेजारून एक बाई नाकाला पदर लावून झपाझप निघून गेल्या. मी मात्र हेल्मेट काढलं, डोळे मिटले आणि बागेत प्राणायामाला बसणारे लोक घेतात तसा छाती भरून श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. होता, तिथंच होता. झेंडूचा आंबलेला वेगळा, नारळाचा खवट वेगळा आणि तळाशी कुठेतरी उदबत्तीच्या राखेचा. साडेचार वर्षांनी. माझ्या तोंडून चांगलं मोठ्यानं "थँक्यू" गेलं. समोर एक शेळी उभी होती, कलशातून ओढलेली माळ खात. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागली.

थँक्यू कोणाला म्हणालीस, हा प्रश्न त्याच मिनिटाला माझ्याच डोक्यात उठला. तीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवून एक खोड लागली आहे. पायरी गाळलेली दिसली की हात तांबड्या पेनाकडे जातो. आभार म्हटले की घेणारा हवा. डॉक्टरांना म्हणावं, तर त्यांनी पहिल्याच भेटीत हात वर केले होते. कोरोनात नाकातले तंतू मेलेत, पुन्हा वाढतात, कधी वाढतात, कधी नाही, "सांगता येत नाही, मॅडम." त्यांनी दिलेल्या चार बाटल्या, लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, रोज सकाळी वीस-वीस सेकंद नाकाशी धरायच्या होत्या. दीड वर्ष धरल्या. गुलाबाच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं असतं तरी मला कळलं नसतं. मग एके दिवशी मी त्या कपाटावर टाकून दिल्या, त्यालाही तीन वर्षं झाली. आता या तीन वर्षांत मी काय केलं म्हणून वास आला? काहीच नाही. आपण काही न करता मिळालेली गोष्ट घ्यायला फार अवघड जाते, निदान मला तरी. बक्षिसाच्या समारंभात भलत्याचंच नाव पुकारलं जावं आणि आपण उठून उभं राहावं, तसं मी त्या घाणीपुढे उभी होते आणि मला रडू येत होतं.

वास गेल्यावर माणसाचं नेमकं काय जातं, हे सांगायला गेलं की लोक म्हणतात, बरंय की, नाशकातली गटारं तरी नकोत. मीही आधी असंच म्हणत हसत होते. दूध करपलेलं कळत नाही, गॅसचं बटण तीनतीनदा बघावं लागतं, हे त्रास खरे, पण ते सोसता येतात. सोसत नाही ते वेगळंच असतं. घर घरासारखं राहत नाही. आपण आपल्याच घराच्या फोटोत राहायला आल्यासारखं होतं. सगळं जागेवर, आणि मध्ये काच. माझा नवरा ललित ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होता, निवृत्त झाला. बोलका माणूस नाही, लग्नानंतरची पहिली पाच वर्षं मी त्याच्याशी एकटीच बोलत असे. त्या माणसानं २०२१च्या जूनमध्ये एक दिवस चहाचा कप खाली ठेवला आणि बातम्या सांगाव्यात तसं सांगायला सुरुवात केली. "आज जिन्यात फिनेलचा वास आहे. वरच्या मजल्यावर बोंबील. आपल्या घरात सकाळी मेथी, आता काही नाही. तुझ्या साडीला डांबरगोळीचा येतोय, वाळत घाल." तेव्हापासून एक संध्याकाळ चुकली नाही. बाहेरगावी गेला तर फोनवर. कधी कधी मला वाटायचं, त्याला इतके वास आधी येत तरी होते का? की माझ्यासाठी तो नाक घेऊन घरभर हिंडत होता? हे मी त्याला कधी विचारलं नाही, आणि आभारही मानले नाहीत. नवऱ्याचे कसले आभार मानायचे, असं आमच्याकडे आहे.

आणि नेमका येत्या रविवारी माझा कार्यक्रम. आमच्या कॉलनीच्या वाचनालयात महिन्यातून एकदा चर्चा असते, या महिन्याचा विषय, "देव मानणं बुद्धीला धरून आहे का?" नाही म्हणायला मी, हो म्हणायला शेखर अहिरे. शेखररावांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली, त्यामुळे त्यांचा देवही बॉयलरवर चालतो. मागच्या वेळी म्हणाले, "मंजुषाताई, तुमच्या घरात दिवा लागतो. एकलहऱ्याचा बॉयलर तुम्ही पाहिलाय का? नाही ना? तरी बटण दाबताच ना?" मी म्हटलं, "शेखरराव, मी म्हणाले तर तुम्ही मला उद्या सकाळी बॉयलर दाखवाल. दुसरा दाखवता का?" लोक हसले. तेही हसले, मोठ्या मनाचा माणूस आहे. मग चष्मा पुसत म्हणाले, "संकटात देव आठवतो तो मुद्दा मी काढतच नाही, तो कच्चा आहे. पण फार आनंद झाला, अगदी मावेना, तर तो तुम्ही कोणाला सांगता?" मी एका दमात म्हटलं, "नवऱ्याला." पुन्हा हशा. मला स्वतःला ते उत्तर इतकं आवडलं होतं की रविवारच्या टिपणात मी ते पहिल्याच पानावर घेतलं होतं. त्याच्याखाली दोन रेघा मारून एक वाक्य लिहिलं होतं: श्रद्धा म्हणजे घाबरलेल्या माणसानं केलेला सौदा. ते वाक्य मी माझ्या आईकडे बघून लिहिलं होतं.

आई, साळूबाई, चौऱ्याऐंशीची आहे आणि मखमलाबादला माझा धाकटा भाऊ जीवन याच्याकडे असते. आम्ही माळी, पिढ्यान्‌पिढ्या फुलांचे. आजही जीवनच्या मळ्यातून रोज पहाटे क्रेट भरून फुलं बाजारात जातात, दसऱ्याला तर टेम्पो. आणि त्या घरातल्या देव्हाऱ्यात साडेचार वर्षांत एक फूल गेलेलं नाही. माझा वास गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या चांदीच्या टाकावरचं फूल काढलं आणि सांगितलं की पोरीला वास येईपर्यंत या घरातलं फूल याला मिळायचं नाही. पाणी, हळद, तांदूळ, नैवेद्य सगळं वेळच्या वेळी. फूल नाही. चंपाषष्ठीला भावकी जमली, तळी भरली, बेलाची पानं वाहिली, कोणी विचारलं तर म्हणायची, "त्याचं नि माझं जमंना सध्या." जीवन हसायचा. मी चिडायचे. "आई, हा ब्लॅकमेल आहे. आणि तो आहे असं मानलंस, तर त्याला तुझ्या चार झेंडूंची काय पडलीये?" ती ऐकून घ्यायची आणि मला निघताना पिशवीभर फुलं द्यायची, जी मला नुसती रंगीत दिसायची.

म्हणून शेळीपुढे उभ्या उभ्या माझ्या आनंदात पहिला खडा पडला तो हा. आता आईला सांगावं लागणार. सांगितलं की ती जिंकली. बावन्न वर्षांचा आमचा वाद त्या एका वाक्यानं मिटला, आणि तोही खोट्या उत्तरानं, कारण तंतू आपले आपण वाढले, त्यात खंडोबाचा काय हात? न सांगावं, तर ती या वयात रोज सकाळी मोकळ्या देव्हाऱ्यापुढे बसणार, आणि उद्या काही झालं तर भांडण तसंच ठेवून जाणार. शिवाय एक भीती होतीच. डॉक्टर म्हणाले होते की येतो आणि पुन्हाही जातो. आज सांगितलं, तिनं फुलं वाहिली आणि सोमवारी नाक पुन्हा बंद झालं, तर? स्कूटर घराकडे वळवायची ती मी मखमलाबाद नाक्याकडे वळवली. ललितला फोनही केला नाही. एवढं मात्र ठरवलं, की आज संध्याकाळी चहाला बातम्या मी सांगणार.

रस्ताभर मी तपासत होते. पेट्रोल, आलं. भज्याचं तेल, आलं. दोन-तीन चौकांत काहीच नाही. मग एका ट्रकमागून ओल्या कोथिंबिरीचा इतका वास आला की मी त्या ट्रकला मागं टाकायचं सोडून त्याच्याच मागं रेंगाळत गेले. आमच्या घरात फूल हुंगायची बंदी होती. देवाचं फूल हुंगू नये, एवढं तर सगळ्यांकडेच असतं. पण आमचे वडील, कोंडाजी, त्याच्या पुढे गेलेले. ते म्हणायचे, मळ्यातलं कोणतं फूल देवाला जाईल, कोणतं लग्नाला, कोणतं मयताला, हे आपल्याला काय ठाऊक? म्हणून कोणतंच हुंगायचं नाही. फुलांवर जगलेली माणसं, पण फुलाला नाक लावलेलं मी कोणाला पाहिलं नाही. मी नऊ वर्षांची असताना दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी देवासाठी वेगळी काढलेली परडी घेऊन गोठ्यामागं बसले आणि त्यातलं एकेक फूल हुंगलं. सगळी. एकही सोडलं नाही, कारण एखादं राहिलं तर प्रयोग कच्चा राहिला असता. दुसऱ्या दिवशी ती फुलं देवाला वाहून झाली, पंगत बसली, आणि मी श्रीखंडाचं बोट चाटून जाहीर केलं, "ती सगळी फुलं मी हुंगली होती. काही झालं नाही. म्हणजे देव नाही." वडिलांना हसताना ठसका लागला. आई पांढरीफटक पडली. तिनं मला मारलं नाही. ताट तसंच सारून उठली, देव्हाऱ्याशी गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. ती माझ्यावर रुसली असं मी समजले, आणि ते समजणं पुढं बावन्न वर्षं टिकलं.

पोचले तेव्हा आई ओसरीत पाय पसरून बसली होती, पुढ्यात झेंडूचा ढीग. डागाळलेली फुलं एका बाजूला, चांगली दुसऱ्या. डोळ्यांना कमी दिसतं, पण बोटांना कळतं. जीवन मागं क्रेट धूत होता, त्यानं हात केला.

"आज शुकरवारची कशी आलीस?" आई म्हणाली.

"भांडीबाजारात आले होते."

"मंग हिकडं कुठं भांडी हायत?"

मी काय सांगायचं, कोणत्या क्रमानं सांगायचं, हे सगळं वाटेत जुळवलं होतं. आधी तंतूंचं, मग वासाचं, म्हणजे निष्कर्ष आधी पक्का. तिच्या शेजारी टेकले आणि ते सगळं गेलं. आईला वास होता. मिसरीचा, खोबरेल तेलाचा, उन्हात वाळलेल्या लुगड्याचा, आणि त्याच्या आत एक कोमट, किंचित आंबट असा, ज्याला नाव नाही, जो तिचाच आहे. साडेचार वर्षं मी दर आठवड्याला इथं येत होते आणि हा असतो हेच विसरून गेले होते. तो नाही म्हणून कधी हळहळलेही नव्हते. गुलाबासाठी हळहळले, कॉफीसाठी हळहळले. मी तिच्या खांद्यात नाक खुपसलं आणि तशीच राहिले.

तिचे हात थांबले.

"आला का?"

मी मान हलवली.

"कशाचा आला आधी?"

"निर्माल्याचा. गंगेवर. कुजलेल्या फुलांचा."

ती खुदकन हसली. "त्याच्याच उकिरड्याचा," म्हणाली, आणि पदराच्या टोकानं माझं तोंड पुसलं. तेवढ्यात माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. मी सरळ बसले. "आई, ऐक. हे तुझ्या नवसानं झालेलं नाही. नाकात तंतू असतात. ते हळूहळू वाढतात. कोणाला सहा महिने लागतात, कोणाला पाच वर्षं."

"नवस कोन बोललं व्हतं?"

"मग फुलं का बंद केली होतीस?"

तिनं ढिगात हात घातला. एक फूल उचललं, देठ चाचपला, चांगल्यांत टाकलं. "त्यानं शबुद मोडला म्हनून," ती म्हणाली. "तू ल्हान असताना ती परडी हुंगली नव्हती का, दसऱ्याला? जेवताना सांगितलंस. तशीच उठले नि कौल लावला. टाकाला वल्लं फूल चिकटवलं, म्हनलं, पोर ल्हान हाय, तिच्या नाकावर जाऊ नको, मनात धरनार नसशील तर उजवं दे. दिवसभर बसले. दिवेलागनीला दिलं. उजवंच दिलं, ह्या डोळ्यांनी बघितलं मी. मंग इतक्या वर्सांनी तुझं नाक धरतो म्हंजे काय? नऊ वर्सांच्या पोरीचं मनात ठिवनारा देव मला नको. फुलानं शबुद दिला, शबुद मोडला, फूल बंद. त्यात नवस कुठं आला?"

पायरी गाळलेली नव्हती. पहिलं गृहीतक सोडलं तर सगळी सिद्धता ओळीनं उभी होती, आणि मी बावन्न वर्षं जिला भित्री म्हणत आले, ती साडेचार वर्षं देवाला त्याच्या चुकीबद्दल घराच्या आत बसून शिक्षा करत होती. सौदा नव्हता. घाबरली असेल ती त्या दसऱ्याला, माझ्यासाठी, एक दिवस. टिपणातलं ते दोन रेघांचं वाक्य रविवारी मला वाचता येणार नाही, हे मला तिथंच कळलं. बाकीचं भाषण मी करेन. दुसरा बॉयलर अजून कोणी दाखवलेला नाही. पण ते वाक्य खोडावं लागेल.

"आणि पुन्हा गेला तर?" मी विचारलं. ही भीती मी तिला सांगणार नव्हते.

"तर फुलं पुन्हा बंद. मी हाय ना." मग स्वतःच्या हातांकडं बघून म्हणाली, "मी नसले तर तू बंद कर."

"मी तर त्याला मानतच नाही, आई."

"भांडायला मानावं लागतं व्हय?"

मागं जीवन हसला. आईनं ढिगातून चाचपत एक टपोरं फूल निवडलं, फुंकर मारून त्यातली मुंगी उडवली आणि माझ्यापुढं धरलं. "हुंग."

"देवाला वाहायचं ना हे?"

"हुंग आधी."

मी हुंगलं. कडवट, हिरवा, थोडा हिंगासारखा. झेंडू काही छान वासाचं फूल नाही, हे मी विसरले होते. तरी इतकं बरं वाटलं की पुन्हा हुंगलं. "कसा येतो?" तिनं विचारलं. ललित जसं सांगतो तसं मी सांगितलं, सावकाश, एकेक. ती मान हलवत ऐकत होती. मग तिनं फूल परत घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नाकाशी नेलं. भुवया वर गेल्या. "लय उग्र हाय गं," ती म्हणाली. "इतकी वर्सं मी ह्ये वाहत व्हते त्याला?"

मी तिला हाताला धरून आत नेलं. तिनं पाण्यात बोट बुडवून टाक ओला केला आणि त्यावर फूल ठेवलं. मंत्र नाही, आरती नाही. शेजारणीशी बोलावं तशी बोलली. "घे. पोरीनं हुंगून दिलंय. मी बी हुंगलंय. आता काय धरायचं ते मला धर." आम्ही दोघी बघत राहिलो. फूल उजवीकडे पडलं नाही, डावीकडेही नाही. होतं तिथंच राहिलं. मी हात जोडले नाहीत. माझ्या तळहातांना झेंडूचा वास येत होता, तो जाऊ नये म्हणून दोन्ही हात नाकाशी धरून मी डोळे मिटून बसले होते, आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या जीवननं पाठीमागून काय समजायचं ते समजावं.